अर्ध्या मिनिटाचे ग्रहण

मंगळावरही सूर्याला ग्रहण लागते. आपल्या पंचांगात ग्रहणाचे स्पर्श, मध्य आणि मोक्ष तासाभराच्या अंतराने छापलेले असतात. मंगळावर हे तिन्ही क्षण बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात येऊन जातात. फोबॉस आणि डायमॉस हे मंगळाचे दोन चंद्र. फोबॉस सूर्यबिंबावरून झपाट्याने पार होतो. डायमॉस दूर असल्यामुळे काळ्या ठिपक्याएवढा दिसतो आणि दोनेक मिनिटे रेंगाळतो. सूर्य पुरता झाकेल एवढा मोठा या दोघांपैकी एकही दिसत नाही, म्हणून मंगळावर खग्रास ग्रहण होत नाही. तिथे होतात ती अधिक्रमणे, आणि फोबॉस बिंबाच्या ऐन मध्यातून गेला तर काही सेकंदांचे कंकण.

मंगळाच्या जमिनीवरून हे दृश्य पहिल्यांदा कॅमेऱ्यात आले ते मार्च २००४ मध्ये. त्यामागे सव्वाशे वर्षांची धडपड आहे. ती सांगावीशी वाटते, कारण या क्षणभराच्या सावल्यांच्या वेळा काटेकोर टिपता टिपता माणसाने दोन मोठे प्रश्न हाताळले. एक चंद्र आपल्याच ग्रहाकडे घसरत चालला आहे, तो किती वेगाने? आणि त्या ग्रहाच्या पोटात काय आहे?

पोटोमॅकच्या धुक्यातला ऑगस्ट

मंगळाला दोन चंद्र असावेत, अशी अटकळ ते दिसण्याच्या कितीतरी आधीची. गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले तेव्हा योहानेस केप्लरने ओळीचा हिशेब मांडला : पृथ्वीला एक, गुरूला चार, तर मधल्या मंगळाला दोन. या तर्काला पुराव्याचा आधार नव्हता. १७२६ साली जोनाथन स्विफ्टने ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये लापुटा बेटावरच्या ज्योतिषांना मंगळाचे दोन चंद्र सापडल्याचे लिहिले आणि आतला चंद्र दहा तासांत एक फेरी मारतो असेही सांगितले. कथेतला हा आकडा पुढे खऱ्याच्या आश्चर्यकारक जवळ निघाला.

१८७७ च्या उन्हाळ्यात मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येत होता. वॉशिंग्टनच्या नाविक वेधशाळेत तेव्हा २६ इंची दुर्बीण होती, भिंगांच्या दुर्बिणींमध्ये त्या वेळची जगातली सर्वांत मोठी. तिच्यावर काम करणारे असाफ हॉल ४७ वर्षांचे होते. लहानपणीच वडील गेले आणि सोळाव्या वर्षी ते सुतारकामाला लागले. पुढे ज्या कॉलेजात ते शिकायला गेले तिथे त्यांना गणित शिकवणाऱ्या अँजेलिन स्टिकनी यांच्याशीच त्यांचे लग्न झाले.

मंगळाचे चंद्र शोधायचे तर मोठी अडचण मंगळाचीच होती. त्याच्या झगझगाटात जवळचा मंद ठिपका बुडून जातो. हॉल यांनी युक्ती केली. नेत्रिका किंचित सरकवून मंगळ दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम बाहेर ठेवायचा आणि त्याच्या अगदी कडेचे आकाश न्याहाळायचे. काही रात्री हाती काहीच लागले नाही. ते शोध सोडून देण्याच्या बेतात होते, पण अँजेलिन यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे पाठवले. पत्नीने धीर दिला नसता तर हे काम आपण टाकून दिले असते, असे हॉल यांनी पुढे स्वतःच नमूद केले.

११ ऑगस्टच्या रात्री अडीचच्या सुमारास मंगळाजवळ एक मंद बिंदू दिसला. त्याची जागा मोजून होते न होते तोच पोटोमॅक नदीवरून धुके चढले आणि काम थांबले. पुढचे काही दिवस आभाळ भरलेले. १६ तारखेला तो बिंदू पुन्हा सापडला आणि मंगळाबरोबर सरकताना दिसला, म्हणजे तो मागचा तारा नव्हता. १७ तारखेला त्याची वाट पाहत असतानाच त्याच्याही आत आणखी एक बिंदू हाती आला. हा दुसरा म्हणजे फोबॉस, आणि त्याने हॉल यांना चांगलेच चकवले. एकाच रात्रीत तो मंगळाच्या कधी या बाजूला दिसे, कधी त्या. आत दोन-तीन चंद्र असावेत असे त्यांना वाटू लागले. २० आणि २१ ऑगस्टच्या रात्री त्यांनी पाळतच ठेवली, तेव्हा उलगडा झाला. चंद्र एकच होता. तो मंगळाभोवती पावणेआठ तासांहून कमी वेळात फिरत होता आणि मंगळाचा स्वतःचा दिवस साडेचोवीस तासांहून अधिक होता. आपल्या ग्रहाच्या परिवलनापेक्षा वेगाने फिरणारा नैसर्गिक चंद्र तोवर कुणी पाहिला नव्हता.

ग्रीक पुराणकथांत युद्धदेवाच्या सोबत असणाऱ्या दोघांची नावे चंद्रांना द्यावीत, ही सूचना इंग्लंडच्या ईटन शाळेतले विज्ञानशिक्षक हेन्री मदन यांची. फोबॉसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला, सुमारे नऊ किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याला, अँजेलिन यांचे माहेरचे नाव दिलेले आहे : स्टिकनी.

न पोचणारी गडद सावली

फोबॉस हा आकाराने वेडावाकडा दगड आहे. सर्वांत लांब बाजू २७ किलोमीटर, इतर दोन २२ आणि १८. त्याची लांब बाजू कायम मंगळाकडे रोखलेली असते, म्हणून खालून पाहणाऱ्याला २२ बाय १८ ची बाजू दिसते. मंगळाच्या जमिनीपासून तो सुमारे ६,००० किलोमीटर उंचीवरून फिरतो. आपला चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक दूर आहे, हे लक्षात घेतले की फोबॉस किती खालून जातो याची कल्पना येते. तो मंगळाच्या आकाशात पश्चिमेला उगवतो आणि साडेचार तासांच्या आत पूर्वेला मावळतो. ध्रुवांजवळच्या प्रदेशांतून तो दिसतच नाही, कारण ग्रहाचा फुगवटाच आड येतो. डायमॉस आणखी लहान, १५ किलोमीटरच्या आतबाहेरचा, आणि जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटरवर. त्याला एका फेरीला तीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. मंगळाचा दिवस त्याहून जरासाच लहान असल्यामुळे तो आकाशात फार हळू सरकतो.

आता सावलीचा हिशेब. मंगळावरून सूर्यबिंब २१ कलांचे दिसते, पृथ्वीवरून ३२ कलांचे. सूर्य एवढा रुंद दिसत असला तर २२ किलोमीटरच्या दगडाची गडद सावली निमुळती होत सुमारे ३,६०० किलोमीटरवर संपते. फोबॉसपासून जमीन मात्र ६,००० किलोमीटरवर. गडद सावली मंगळापर्यंत पोचतच नाही. जमिनीला लागतो तो उपच्छायेचा सुमारे ६० किलोमीटर रुंद पट्टा. फोबॉस ज्या वेगाने फिरतो त्यातून मंगळाचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग वजा केला की हा पट्टा सेकंदाला जवळपास दोन किलोमीटरने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. साठ भागिले दोन, म्हणजे तीस सेकंद. ग्रहण अर्ध्या मिनिटाचे का, ते या भागाकारात आहे. एवढ्या वेळात फोबॉस सूर्यबिंबाचा साधारण तिसरा हिस्सा झाकतो आणि उजेड त्या मानाने उतरतो.

एका ठरावीक जागेवरून पाहायचे तर ही ग्रहणे वर्षभर होत नाहीत. दोन्ही चंद्र मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात, म्हणून सूर्य त्या पातळीच्या आसपास आला की ग्रहणांचा मोसम येतो. मंगळाच्या ६८७ दिवसांच्या वर्षात असे मोसम दोनदा येतात आणि त्यांत फोबॉसची ग्रहणे बऱ्यापैकी दाटीने होतात. नेमकी वेळ सांगणे मात्र कठीण. फोबॉसच्या जागेचा अंदाज दोन किलोमीटरने चुकला तर ग्रहण सेकंदभर मागेपुढे होते. मार्ग बाजूला सरकला तर कंकणाऐवजी नुसते कडेला घासून जाणे नशिबी येते. याच अडचणीत संधीही होती. ग्रहणाची वेळ बिनचूक टिपली तर फोबॉसची जागा बिनचूक कळणार होती.

घसरणारा चंद्र

ती जागा कळणे का निकडीचे होते, याचे उत्तर १९४५ सालात आहे. त्याच अमेरिकी नाविक वेधशाळेतल्या बेव्हन शार्पलेस यांनी हॉल यांच्या काळापासूनचे वेध एकत्र मांडले. त्यातून दिसले की फोबॉस वेळापत्रकाच्या पुढे पळत आहे आणि त्याचा वेग वाढतो आहे. कक्षेत वेग वाढणे म्हणजे कक्षा लहान होणे, थोडक्यात चंद्र खाली येणे.

याचे कारण शोधताना सोव्हिएत खगोलज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक धाडसी कल्पना मांडली. मंगळाच्या विरळ हवेच्या घर्षणाने फोबॉस खाली येत असेल, तर तो फारच हलका, म्हणजे आतून पोकळ असला पाहिजे. आणि पोकळ असेल तर तो कुणीतरी बनवलेला असू शकतो. परग्रहावरच्या कुणा प्राचीन संस्कृतीने सोडलेला उपग्रह! त्या काळी पृथ्वीभोवती पहिले कृत्रिम उपग्रह नुकतेच फिरू लागले होते. लोकांना ही कल्पना आवडली यात नवल नाही.

१९७१ च्या अखेरीस मरिनर ९ यान मंगळाभोवती पोचले आणि त्याने पाठवलेल्या चित्रांत खड्ड्यांनी भरलेला दगड दिसला. पुढे व्हायकिंग यानांनी जवळून जाऊन वस्तुमान मोजले. घनता कमी भरली, पण ती सच्छिद्र, भुसभुशीत दगडाला शोभेल इतपतच. चंद्र खाली येतो हे शार्पलेस यांचे निरीक्षण खरे होते, कारण मात्र वेगळे होते.

ते कारण भरती-ओहोटीचे. आपला चंद्र जसा पृथ्वीवर भरती आणतो तसा फोबॉस मंगळाच्या घन शरीरात अगदी सूक्ष्म फुगवटा उठवतो. फोबॉस मंगळाच्या फिरण्यापेक्षा वेगाने पुढे जातो, त्यामुळे हा फुगवटा त्याच्या मागे पडतो आणि त्याला मागे ओढत राहतो. फोबॉसची ऊर्जा खर्ची पडते आणि तो खाली येतो, वर्षाला काही सेंटीमीटर. आपल्याकडे उलटे होते. पृथ्वी चंद्रापेक्षा वेगाने फिरते, फुगवटा पुढे राहतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटरने दूर ढकलला जातो. फोबॉसचा शेवट ठरलेला आहे. काही कोटी वर्षांत तो एकतर मंगळावर कोसळेल किंवा त्याआधीच फुटून त्याचे कडे होईल.

फुगवटा किती मागे पडतो, हे मंगळाचे पोट कसे आहे यावर ठरते. आतला खडक कडक असेल तर ऊर्जा कमी मुरते, मऊ आणि तापलेला असेल तर जास्त. म्हणून फोबॉस किती सरकला हे वर्षानुवर्षे मोजत राहिले की ग्रहाच्या अंतरंगाबद्दल खोदाई न करता कळते. मंगळावरच्या ग्रहणांना वैज्ञानिकांनी एवढे महत्त्व का दिले, त्याचे मर्म इथे आहे.

सावली पकडणारी पहिली याने

२० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ चे लँडर क्रायसे प्लॅनिशियाच्या मैदानात उतरले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये, फोबॉसची सावली या भागावरून जाणार होती. लँडरच्या कॅमेऱ्याने भोवतालचा उजेड क्षणभर उतरल्याचे टिपले आणि वरून फिरणाऱ्या ऑर्बायटरने त्याच भागातून सरकणाऱ्या सावलीची छायाचित्रे घेतली. सावली लँडरवर कधी होती आणि वरून ती कुठे दिसली, हे दोन्ही जुळवले की लँडर नेमके कुठे उभे आहे ते कळत होते. हॉल यांच्या शोधाला नुकतीच शंभर वर्षे झाली होती. सूर्यबिंबावरचा फोबॉस मात्र अजून कुणी टिपला नव्हता, टिपली होती ती त्याची सावली.

मार्च १९८९ मध्ये सोव्हिएत संघाचे फोबॉस २ यान मंगळाभोवती फिरत होते. त्याच्यावरच्या थर्मोस्कॅन उपकरणाने उष्णतेच्या किरणांत मंगळाचे पट्टे टिपले, तेव्हा एका पट्ट्यात फोबॉसची सावलीही आली आणि तिच्याखालची जमीन थंड झालेली दिसली. सावलीच्या त्या अल्पशा वेळात माती किती गार झाली, यावरून तिच्या अगदी वरच्या पातळ थराचा पोत ताडता आला. सावली हे मोजण्याचे साधन होऊ शकते, हे यातून पक्के झाले. ज्या चंद्रासाठी हे यान पाठवले होते त्याच्याजवळ पोचण्याआधीच, त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा संपर्क तुटला.

धुळीसाठीची काच

जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी ही जुळी रोव्हर मंगळाच्या दोन विरुद्ध बाजूंना उतरली. दोन्ही जागा विषुववृत्ताजवळच्या, म्हणजे ग्रहणे दिसण्याजोग्या. त्यांच्या खांबावरच्या पॅनकॅम कॅमेऱ्यात गाळणींचे एक चाक होते आणि त्या चाकात सूर्यप्रकाश एक लाख पटीने मंद करणारी काच होती. ती बसवली होती रोजच्या कामासाठी. मंगळाच्या हवेत सतत धूळ असते आणि ही रोव्हर सौरऊर्जेवर चालत. सूर्य किती मंद दिसतो हे पाहून हवेत किती धूळ आहे आणि आज किती वीज मिळेल याचा अंदाज बांधायचा, एवढाच तिचा हेतू.

त्याच काचेतून ग्रहण पाहायचे ठरले. पॅनकॅमची जबाबदारी कॉर्नेल विद्यापीठाच्या जिम बेल यांच्याकडे होती. पृथ्वीवरचा संदेश मंगळावर पोचायला अंतरानुसार चार ते बावीस मिनिटे लागतात, त्यामुळे आयत्या वेळी बटण दाबून भागत नाही. आकाशात सूर्य कुठे असेल, कॅमेरा कुठे वळवायचा, कोणत्या सेकंदाला पहिले चित्र घ्यायचे आणि किती सेकंदांनी पुढचे, या सगळ्या आज्ञा आधीच धाडाव्या लागतात. मग चित्रे येईपर्यंत थांबायचे.

४ मार्च २००४ रोजी ऑपर्च्युनिटीच्या चित्रांत सूर्यबिंबावर एक काळा ठिपका आला. तो डायमॉस होता. पुढच्या काही दिवसांत फोबॉसही आला, बिंबाच्या कडेचा लचका तोडल्यासारखी गोलाई दाखवत. १३ मार्चला मंगळाच्या दुसऱ्या बाजूने स्पिरिटनेही डायमॉस टिपला. बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा अधिक्रमणांचा अभ्यास २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. परग्रहाच्या जमिनीवरून चंद्र सूर्यासमोरून जाताना थेट टिपण्याची ही पहिलीच वेळ होती. चंद्रांच्या जागा हिशेबापासून थोड्या ढळलेल्या निघाल्या आणि हिशेब सुधारता आला.

त्याच वर्षी ८ जूनला भारतातून शुक्राचे अधिक्रमण दिसले, अनेकांनी काळ्या काचेतून ते पाहिलेही असेल. अठराव्या शतकात अशाच अधिक्रमणांच्या वेळा टिपण्यासाठी युरोपातले खगोलज्ञ जगभर पांगले होते आणि त्या वेळांमधून त्यांनी सूर्याचे अंतर काढले होते. मंगळावर बेल यांची तुकडी करत होती ते त्याच जातीचे काम.

कंकण, माती आणि चांदीची खाण

ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हर गेल विवरात उतरले आणि महिनाभरातच त्याने फोबॉस बिंबाच्या कडेला घासून जाताना टिपला. खरे नशीब उघडले ते २० ऑगस्ट २०१३ रोजी. त्या दिवशी ग्रहण भर दुपारच्या सुमाराला होते. सूर्य आणि फोबॉस दोघेही माथ्यावर. चंद्र माथ्यावर असताना तो पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ असतो आणि म्हणून सर्वांत मोठा दिसतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून तीन-तीन सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत फोबॉस सूर्याच्या जवळजवळ मध्यात उभा आहे आणि त्याच्याभोवती जाड, ओबडधोबड कडा असलेले प्रकाशाचे कंकण आहे. मार्क लेमन हे या कामातले प्रमुख शास्त्रज्ञ. फोबॉस हिशेबापेक्षा दोन-तीन किलोमीटरने बाजूला निघाला. एवढ्या फरकातूनही नवे शिकायला मिळाले, याचे समाधान त्यांनी बोलून दाखवले.

मार्च २०१९ मध्ये क्युरिऑसिटीने १७ तारखेला डायमॉस आणि २६ तारखेला फोबॉस टिपला. तोपर्यंत तिन्ही रोव्हरांच्या खात्यात डायमॉसची आठ आणि फोबॉसची चाळीसच्या आसपास अधिक्रमणे जमा झाली होती. एकेक चित्र पाहिले तर किरकोळ. सारी एका माळेत ओवली की चंद्राची कक्षा वर्षानुवर्षे कशी आक्रसत चालली ते दिसते.

याच सुमारास मंगळावर आणखी एक यान होते, इनसाइट. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते एलिसियम प्लॅनिशियात उतरले होते आणि मंगळाचे भूकंप ऐकण्यासाठी त्याने जमिनीवर एक अतिसंवेदनशील भूकंपमापक ठेवला होता. २०१९ मध्ये फोबॉसची सावली त्याच्यावरून गेली तेव्हा झुरिकच्या ईटीएच संस्थेतले सायमन श्टेलर आणि त्यांचे सहकारी नोंदी पाहत होते. सौरपट्ट्यांवरचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटला, ते अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते भूकंपमापकाचे वागणे. ग्रहणाच्या त्या अर्ध्या मिनिटात तो किंचित कलला. किती? नाण्याच्या एका कडेखाली चांदीचे दोन अणू सारावेत, एवढाच.

जमीन हलली नव्हती, मग उपकरण का कलले? हवा नाही, गुरुत्वाकर्षण नाही, एकेक शक्यता बाद होत गेली. उत्तर दिले श्टुटगार्ट विद्यापीठातल्या रुडॉल्फ विडमर-श्निड्रिग यांनी. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये चांदीच्या एका बंद पडलेल्या खाणीत वेधशाळा आहे. तिथे एकदा चाचणीच्या वेळी कुणीतरी ६० वॉटचा दिवा बंद करायला विसरले आणि त्याच्या उबेने खोल भुयारातल्या ग्रॅनाइटचा वरचा थर इतका फुगला की भूकंपमापक कलला. मंगळावर याच्या उलट घडले होते. सावलीत माती दोन अंशांनी गार झाली. तीस सेकंदांत तो गारवा मिलिमीटरभरापेक्षा खोल जाऊ शकत नाही. पण वरचा थर असमान आक्रसला आणि त्याने उपकरण ओढले. एरवी हा उपकरणातला दोष म्हणून बाजूला टाकला गेला असता. श्टेलर यांच्या गटाने तो उलगडला, आणि फोबॉसची वेळ टिपण्याचे, कॅमेऱ्याची गरज नसलेले नवे साधन हाती आले.

भारताचे मंगळयान सप्टेंबर २०१४ मध्ये तिथे पोचले. त्याच्या लांबट कक्षेमुळे त्याला दोन्ही चंद्र पाहता आले. १ जुलै २०२० रोजी फोबॉसपासून ४,२०० किलोमीटरवरून त्याने घेतलेले छायाचित्र इस्रोने प्रसिद्ध केले. त्यात स्टिकनी विवर स्पष्ट दिसते. जवळच श्क्लोव्स्की नावाचे विवर आहे आणि ग्रिलड्रिग नावाचेही. ग्रिलड्रिग हे राक्षसांच्या देशात गलिव्हरला मिळालेले नाव. हॉल यांना दुर्बिणीकडे परत पाठवणाऱ्या अँजेलिन, चंद्र पोकळ असल्याचे मांडणारे श्क्लोव्स्की आणि स्विफ्टची कल्पना, या साऱ्यांची नावे एका भारतीय चित्रात एकत्र आलेली आहेत.

२ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे मंगळावरच्या आपल्या ३९७ व्या दिवशी, जेझेरो विवरातल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने फोबॉसच्या ग्रहणाची तोवरची सर्वांत स्पष्ट चलचित्रफीत पाठवली. ग्रहण चाळीस सेकंदांहून थोडे जास्त चालले. फोबॉसच्या खडबडीत कडा दिसतात आणि मागे सूर्यावरचे डागही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याने आणखी एक टिपले. जुन्या रोव्हरांच्या चित्रांत काही सेकंदांची फट राहत असे. आता सलग चित्रफितीमुळे स्पर्श आणि मोक्ष यांचे क्षण अधिक नेमके पकडता येतात.

ज्या दिवशी मंगळावर कुणी नव्हते

या साऱ्या यशात एका हुकलेल्या संधीची नोंद करायला हवी. मंगळावरून पाहिले तर पृथ्वी हा आतल्या कक्षेतला ग्रह. आपल्याला जसे बुध आणि शुक्र सूर्यासमोरून जाताना दिसतात तशी मंगळावरून कधीकधी पृथ्वी जाताना दिसते. ११ मे १९८४ रोजी असे अधिक्रमण झाले. त्या दिवशी मंगळावरून सूर्याकडे पाहणाऱ्याला पृथ्वीचा काळा ठिपका आणि त्याच्याशेजारी चंद्राचा बारीक ठिपका दिसला असता. पाहायला मात्र तिथे कुणी नव्हते. व्हायकिंग १ लँडरचा संपर्क नोव्हेंबर १९८२ मध्ये, म्हणजे दीड वर्ष आधी, तुटला होता. पुढे ३ जून २०१४ रोजी क्युरिऑसिटीने बुध सूर्यासमोरून जाताना टिपला. दुसऱ्या ग्रहावरून एखाद्या ग्रहाचे अधिक्रमण पाहण्याची ती पहिलीच वेळ. पृथ्वीचे अधिक्रमण मात्र अजून कुणी पाहिलेले नाही.

ते पुन्हा होणार आहे १० नोव्हेंबर २०८४ रोजी. तोपर्यंत ग्रहणांचे काम चालूच ठेवले पाहिजे, कारण त्याची किंमत सातत्यात आहे. शार्पलेस यांना फोबॉसची घसरण दिसली ती हॉल यांच्यापासूनचे वेध जपून ठेवले होते म्हणून. २०१३ चा दोन-तीन किलोमीटरचा फरक बोलका ठरला तो २००४ चे आकडे हाताशी होते म्हणून. मोसमामागून मोसम नोंदी होत राहिल्या तर फोबॉसच्या घसरणीचा आणि मंगळाच्या पोटाचा हिशेब पिढ्यागणिक पक्का होत जाईल. फोबॉसवरची माती पृथ्वीवर आणण्यासाठी जपानने आखलेल्या मोहिमेला तिथे अचूक पोचायचे आहे, तिलाही हाच हिशेब लागणार.

२०८४ मध्ये मंगळावर रोव्हर असेल किंवा माणूस असेल. जो कुणी असेल त्याच्या कॅमेऱ्यात सूर्य मंद करणारी काच असावी, घड्याळ बिनचूक असावे आणि आज्ञा वेळेत पोचलेल्या असाव्यात. फोबॉसच्या अर्ध्या मिनिटाच्या ग्रहणांवर माणसाने जो सराव केला तो त्या दिवशी कामी येईल, आणि १९८४ ला हुकलेली ती नोंद तेव्हा तरी पूर्ण व्हावी.